आवड आणि आग्रह

आपणांस प्रिय असलेली वस्तू आपण दुसऱ्यापुढे ठेवतो, तेव्हा ते दान असते की आग्रह? स्नेह्यांसमवेत जाझ संगीताच्या जुन्या ध्वनिमुद्रिका ऐकताना हा प्रश्न आम्हांला पडला. जाझ म्हणताच आपल्याकडील पुष्कळांना हॉटेलातील नाच तेवढा आठवतो. तथापि हे संगीत मुंबईत रुजविण्यात गोमंतकीय वादकांचा वाटा मोठा आहे. चिक चॉकलेट या नावाने गाजलेले ट्रंपेटवादक गोमंतकीयच. 'अलबेला' (१९५१) या चित्रपटाच्या संगीतात सी. रामचंद्रांना त्यांचे साहाय्य होते. ती गाणी गुणगुणणाऱ्यास हे सूर सर्वस्वी परके नव्हेत.

आमच्या बैठकीत प्रत्येकाने आपली आवडती ध्वनिमुद्रिका आणावयाची, असा परिपाठ आहे. एकदा आम्ही माइल्स डेव्हिसची 'काइंड ऑफ ब्लू' नेली. १९५९ साली न्यूयॉर्कमधील, पूर्वी चर्च असलेल्या एका वास्तूत अवघ्या दोन दिवसांच्या बैठकींत ती सिद्ध झाली. तीत स्वरसंघांची झपाट्याने अदलाबदल न करता एकेका स्वरश्रेणीचा सावकाश विस्तार केलेला आहे. आपल्या रागविस्ताराची त्यामुळे आठवण होते. हे सारे आम्ही उत्साहाने सांगत होतो, आणि वादन सुरू झाल्यावरही सांगतच राहिलो. अखेर एक वृद्ध स्नेही सौम्यपणे म्हणाले, "तुम्ही सांगितलेत ते ऐकले, त्यांनी वाजविले ते मात्र ऐकावयाचे राहिले."

आमची मान खाली गेली. आम्ही संगीत देत नव्हतो, आपल्या रसिकतेस मान्यता मागत होतो.

याच ध्वनिमुद्रिकेची एक हकीकत उद्बोधक आहे. मुद्रणयंत्राची गती मंद राहिल्यामुळे तिच्या पहिल्या बाजूचे तिन्ही भाग मूळ वादनाहून किंचित चढ्या सुरात निघाले. हा दोष १९९२ च्या आवृत्तीत दूर झाला. म्हणजे तीस वर्षांहून अधिक काळ असंख्य श्रोते जिच्या प्रत्येक सुराची ग्वाही देत होते, तिचा सूरच ढळलेला होता! म्हणून त्यांचे प्रेम खोटे ठरते काय? मुळीच नाही. खोटा ठरतो तो आग्रह.

मग सर्वच आवडी सारख्या मानाव्यात काय? तसेही नव्हे. एका कानाची उणीव दुसरा कान भरून काढतो, म्हणूनच चर्चा हवी. जॉन कोल्ट्रेनची 'अ लव्ह सुप्रीम' आम्हांला कर्कश वाटे. डिसेंबर १९६४ मध्ये मुद्रित झालेली ही चार भागांची रचना म्हणजे त्याने ईश्वरास केलेले निवेदन आहे. वर उल्लेखिलेल्या स्नेह्यांनीच ती पुढे एकदा लावली. वेष्टनावर छापलेली कोल्ट्रेनची स्वरचित प्रार्थना शेवटच्या भागात सॅक्सोफोन शब्दावाचून म्हणतो, एवढेच त्यांनी सांगितले आणि ते स्वस्थ बसले. त्या दिवशी आम्हांला कर्कशपणामागील आर्तता प्रथम ऐकू आली.

देवळात प्रसाद वाटणारा घेणाऱ्याच्या मुखाकडे स्तुतीसाठी पाहत थांबत नाही. हातावर ठेवून पुढे जातो. आवडही अशीच वाटावी. दुसऱ्यास ती गोड लागली तर आनंद आहेच. न लागली, तर त्याने आपल्यापुढे काय आणले आहे ते ऐकावयास आपले कान मोकळे असावेत.