भुयार आणि एकचक्रा

आजचं वाचन : महाभारत, आदिपर्व (जतुगृहपर्व ते बकवधपर्व)

जय जय रघुवीर समर्थ!

मंडळी, लाक्षागृहाची गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणापासून ऐकली आहे. दुर्योधनाने पुरोचनाकडून वारणावताला लाखेचं घर बांधून घेतलं, पांडवांना त्यात जाळून मारायचा बेत केला आणि पांडव भुयारातून निसटले. सांगणारा बहुतेक वेळा इथून उडी मारतो ती थेट द्रौपदीच्या स्वयंवरावर. आज मला मात्र मधल्या पानांवर थांबायचं आहे. आग लागून गेल्यानंतर माणसं कुठे राहतात, काय खातात, कोणाच्या दारात उभी राहतात, हे व्यासांनी त्या पानांत लिहून ठेवलं आहे.

आधी कथा नीट पाहू. ते घर पांडवांचं नव्हतं, दुसऱ्याने राहायला दिलेलं होतं. विदुराने युधिष्ठिराला गूढ भाषेत आधीच सावध केलं होतं. आत पाऊल टाकल्यावर युधिष्ठिराला तुपाचा आणि लाखेचा वास आलाच. मग विदुराने खणणारा एक माणूस पाठवला. त्याने घरातल्या घरात भुयार खणलं आणि तोंडावर जमिनीच्या पातळीत फळ्या बसवल्या. पांडव तिथे वर्षभर राहिले. आग लागली त्या रात्री ते भुयारातून बाहेर पडले आणि गंगा उतरून रानात गेले. पुढे व्यासांनी त्यांना एकचक्रा नगरीत एका ब्राह्मणाच्या घरी नेऊन ठेवलं. हस्तिनापूरचे राजपुत्र, पण आता दुसऱ्याच्या घरात आसरा आणि दिवसा भिक्षा. भिक्षेत जे मिळेल त्यातला अर्धा वाटा भीमाला आणि उरलेल्या अर्ध्यात कुंती आणि चौघं भाऊ.

हा भाग मी पूर्वीही वाचला होता. यंदा उन्हाळ्यात आमच्या जालन्यातल्या गल्लीत एक घर जळालं, त्यानंतर तो वेगळाच वाचला गेला.

आमच्या घरापासून चौथ्या घरी दोन खोल्यांत एक कुटुंब भाड्याने राहतं. दादा एमआयडीसीतल्या रोलिंग मिलमध्ये वेल्डर आहेत. वहिनी घरी शिवणकाम करतात, ब्लाऊज, फॉल-पिको. एक मुलगा आठवीत, मुलगी पाचवीत. दुपारी घरात कोणी नसताना फ्रिजमागच्या जुन्या वायरिंगमध्ये शॉर्टसर्किट झालं. गल्लीतल्या पोरांनी मागच्या दाराने सिलिंडर बाहेर ओढला म्हणून पुढचं टळलं. अग्निशमनची गाडी येऊन आग विझली तोवर कपाट, धान्य, गाद्या, शिलाई मशीन, मुलांची दप्तरं, सगळं गेलं होतं. अंगावरचे कपडे तेवढे राहिले.

संध्याकाळी वहिनी राखेकडे बघत बसल्या होत्या. कोणीतरी म्हणालं, "काहीतरी घडलं असंल हातून, त्याशिवाय असं होत नाही." हे वाक्य त्यांच्या कानावर पडलं. मंडळी, या वाक्याबद्दल आज मला आधी बोलायचं आहे.

समर्थ आपल्याच जिल्ह्यातले, घनसावंगी तालुक्यातल्या जांबचे. दासबोधाच्या तिसऱ्या दशकात त्यांनी तीन ताप वेगवेगळे करून सांगितले आहेत. देहाच्या आतून उठतो तो आध्यात्मिक. बाहेरच्या प्राण्यांच्या, वस्तूंच्या संबंधाने होतो तो आधिभौतिक. काटा रुततो, विंचू डसतो, छप्पर कोसळतं. मला यातून एक साधी गोष्ट कळते. घर जळणं हा बाहेरून आलेला ताप आहे. त्याचं कारण आधी बाहेर शोधावं, वायरीत शोधावं, माणसाच्या पुण्याईत नाही. पांडवांचं घर पेटलं कारण ते लाखेचं होतं. वहिनींचं पेटलं कारण भिंतीतली वायर जुनी होती. जळालेल्या माणसाकडून त्याच्या कर्माचा हिशोब मागण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? एकचक्रेतल्या त्या ब्राह्मणाने पांडवांना घरात घेताना असा प्रश्न विचारल्याचं कुठे आलेलं नाही.

आता कथेतली एक बाजू, जी आपण सहसा टाळतो. त्या रात्री कुंतीने अन्नदान केलं होतं. एक निषाद स्त्री तिच्या पाच मुलांना घेऊन आली, खाऊन-पिऊन तिथेच झोपली. सकाळी राखेत सहा देह मिळाले आणि लोकांना वाटलं, पांडवच गेले. अख्खं वारणावत रडलं, पण पांडवांसाठी. त्या सहा जणांची नावंसुद्धा ग्रंथात नाहीत. त्यांना कोणी सावध केलं नव्हतं आणि भुयार त्यांच्यासाठी खणलेलं नव्हतं.

अशी माणसं आजही आहेत. आपल्यापासून साठेक किलोमीटरवर, छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागात ३ एप्रिल २०२४ च्या पहाटे खाली कपडे शिवण्याच्या दुकानाला आग लागली आणि वर झोपलेल्या एकाच कुटुंबातले ७ जण धुराने गुदमरून गेले. ही बातमी आठवली की दादांचं कुटुंब डोळ्यांसमोर जिवंत उभं आहे, यासाठी हात आपोआप जोडले जातात. पण हात जोडून झाल्यावर प्रश्न उरतोच. ज्यांच्यासाठी भुयार नाही, त्यांचं काय?

भाडेकरूचं दुःख इथे वेगळं आहे. घरमालकाने इमारतीचा विमा काढला असेल, तर त्यातून भिंती आणि स्लॅब भरून येतो. आतली शिलाई मशीन भाडेकरूची, ती त्या कागदावर कुठेच नसते. दादांचा तर भाडेकरारही तोंडी होता. खरं तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणी केलेला असावा लागतो आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. पण आपल्याकडे दोन खोल्यांसाठी एवढं कोण करतं?

म्हणून विदुराकडे पुन्हा पाहू. विदुर भगवद्भक्त. त्याने "देव बघून घेईल" म्हणून हात बांधले नाहीत, खणणारा माणूस पाठवला. भुयार आग लागण्याआधी खणलं गेलं. आम्ही सॉफ्टवेअरवाले सर्व्हरचा बॅकअप रोज घेतो, तोही वेगळ्या ठिकाणी ठेवतो. त्याला कोणी देवावरचा अविश्वास म्हणत नाही. मग घरच्या भांड्याकुंड्यांसाठी केलेली तजवीज अविश्वास कशी?

भाडेकरूलाही असं भुयार खणता येतं. १ एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' नावाची एकसारख्या अटींची पॉलिसी सुरू झाली आहे. घर आपलं नसलं तरी फक्त घरातल्या सामानाचा विमा त्यात काढता येतो. दागिन्यांचं संरक्षण वेगळं मागून घ्यावं लागतं. दुसरं, गॅस. तेल कंपन्यांनी नोंदणीकृत ग्राहकांसाठी विमा घेतलेला असतो, त्याचा हप्ता आपल्याला भरावा लागत नाही. गॅसमुळे अपघात होऊन मृत्यू झाला तर माणशी ६ लाख, उपचारासाठी माणशी २ लाखांपर्यंत आणि मालमत्तेच्या नुकसानीसाठी एका घटनेला २ लाखांपर्यंत अशी तरतूद आहे. पण मालमत्तेची भरपाई कनेक्शनच्या नोंदलेल्या पत्त्यावरच मिळते. घर बदललं आणि गॅसचा पत्ता जुनाच राहिला, तर भुयाराचं तोंड भलत्याच घरात उघडतं. दादांची आग विजेची होती, त्यामुळे हेही लागू नव्हतं. त्यांच्यापाशी भुयार नव्हतं, आणि त्यात त्यांचा काही अपराधही नव्हता. अशी पॉलिसी असते हे आमच्या गल्लीत कोणालाच माहीत नव्हतं.

भुयार नसलं की एकच वाट उरते, एकचक्रा.

एकचक्रा म्हणजे काय, हे मला त्या पंधरा दिवसांत दिसलं. पहिल्या दिवशी जुन्या साड्यांची गाठोडी आली, इतकी की ठेवायला जागा नाही, आणि वरण शिजवायला कुकर मात्र नाही. मग गल्लीतल्या एका आजींनी पाटीवर यादी केली: कुकर, दोन पातेली, मुलाची पुस्तकं, शिलाई मशीन. एकेकाने एकेक ओळ उचलली. भीमाचा अर्धा वाटा म्हणजे हेच नव्हे का? सगळ्यांना सारखं असं नाही, ज्याला जे लागतं ते.

दादा घ्यायला तयार नव्हते. "आपण आजवर कोणाकडून घेतलं नाही हो," एवढंच म्हणायचे. शेवटी बायकांनी वाट काढली. त्या महिन्याची भिशी वहिनींना उचलायला दिली. नंबर लागलेल्या बाईने आपला नंबर मागे घेतला. पैसे वहिनींचेच, हप्ते त्या पुढे भरणारच, फक्त गरज होती तेव्हा हातात आले. त्यातून मशीन आली आणि आठवड्यात शिवणकाम सुरू झालं. घेणाऱ्याची मान खाली जाणार नाही असं देणं, याहून मोठं दान मला तरी ठाऊक नाही.

माझ्या वाट्याला कागदपत्रांचं काम आलं, कारण मी "कम्प्युटरवाला". कोणावर अशी वेळ आली तर उपयोग होईल म्हणून लिहितो. सामान हलवण्याआधी फोटो काढा आणि तलाठ्याकडून पंचनामा करून घ्या, त्याची प्रत जवळ ठेवा. आधारला मोबाईल नंबर जोडलेला असेल तर ई-आधार लगेच उतरवता येतं. डिजिलॉकरमध्ये काय सापडतं ते पाहा. गुणपत्रिकेची दुसरी प्रत बोर्डाकडून मिळते. राख फेकू नका, चाळणीने चाळा. सोनं वितळायला १०६४ अंश सेल्सियस लागतात आणि वितळलं तरी ते नाहीसं होत नाही. वहिनींच्या मंगळसूत्राचे मणी फुटले होते, पण वाट्या राखेत सापडल्या. फार जळून ठिसूळ झालेल्या नोटा साधी बँक घेत नाही, त्या रिझर्व्ह बँकेच्या निर्गम कार्यालयात न्याव्या लागतात. महाराष्ट्रात ती मुंबई, बेलापूर आणि नागपूरला आहेत. आणि मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ च्या कलम १०८ प्रमाणे जागेचा मोठा भाग आगीत नष्ट झाला आणि चूक भाडेकरूची नसेल, तर भाडेपट्टा संपवायचा की नाही हे भाडेकरू ठरवू शकतो. घरमालकांशी आम्ही बसून बोललो. त्यांचंही नुकसान झालं होतंच. तरी त्यांनी डिपॉझिट पूर्ण परत केलं.

आता कथेचा शेवटचा भाग, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. एक दिवस कुंतीला यजमानांच्या खोलीतून रडणं ऐकू आलं. बकासुराकडे जायची पाळी त्यांच्यावर आली होती. कुंती आत गेली आणि म्हणाली की माझा मुलगा जाईल. युधिष्ठिराला हे पटलं नाही, तेव्हा तिने त्याला समजावलं की यांच्या घरात आपण सुखाने राहिलो, ते ऋण फेडायची ही वेळ आहे. ध्यानात घ्या, ज्यांचं सगळं जळालं होतं त्यांनीच घरमालकाला वाचवलं.

पावसाळ्याआधी घरमालकांनी त्या खोल्यांवर नवे पत्रे घालायला काढले. दादा तोवर दुसरीकडे राहायला गेले होते. तरी साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी ते स्वतःची मशीन घेऊन आले, दिवसभर उन्हात अँगल जोडत उभे राहिले आणि मजुरी घेतली नाही. त्या दिवशी त्यांचा चेहरा मी पाहिला. घर जळाल्यापासून पहिल्यांदा त्यांची मान ताठ होती. तेव्हा मला कुंती समजली. आपण मदत करतो तेव्हा समोरच्याला परत देण्याची जागासुद्धा ठेवावी लागते. ती ठेवली नाही तर आपलं देणं त्याच्या डोक्यावर ओझं होऊन बसतं.

म्हणून मंडळी, आजचा संकल्प दोन ओळींचा. आपलं भुयार आज खणायला घ्या: गॅसचा पत्ता, लेखी करार, कागदांची दुसरी प्रत, सामानाचा विमा. आणि आपल्या गल्लीत ज्याचं भुयार नाही, त्याच्यासाठी एकचक्रा व्हायची तयारी ठेवा.

हे रामराया, आमच्या घरांना सुरक्षित ठेव. कोणाचं जळालंच, तर त्याच्या दाराशी आम्हाला न्यायनिवाडा करायला नको, पाणी घेऊन पाठव.

उद्याचं वाचन : बकवधपर्वातच पुढे. हातात गवताची काडी घेऊन राक्षसाला मारायला निघालेल्या त्या लहान मुलाबद्दल.

जय जय रघुवीर समर्थ!