कानावरचा हक्क

खालाजानच्या मुलीविषयी आम्ही वर्षानुवर्षे "बरी झाली" असे सांगत आलो. 2005 साली, ती चार वर्षांची असताना, नागपुरात तिच्या कानात कॉक्लिअर इम्प्लांट बसवले. त्यासाठी तिरोड्याकडची धानाची शेती विकली. केंद्राच्या एडिप योजनेतून सहा लाखांपर्यंतची मदत 2014मध्ये सुरू झाली. आमच्या वेळी ती नव्हती.

डॉक्टरांनी घाई करायला सांगितले, आणि घाई खरीच होती. जन्मतः बहिऱ्या मुलाच्या मेंदूला पहिल्या काही वर्षांत ध्वनी मिळाला नाही, तर पुढे यंत्र बसवूनही बोलणे उमगणे कठीण. म्हणजे ज्याचा कान त्याला विचारावे म्हणून थांबलो, तर विचारण्यासारखे फारसे उरत नाही. निर्णय आईबापांनीच घ्यायचा. इथपर्यंत आमची नियत साफ आहे.

पण ध्वनीबरोबर भाषाही आम्हीच निवडली. बोलायला शिकवणाऱ्या बाई मराठी. घरात एकच भाषा ठेवा, म्हणाल्या. उर्दू शिकवून पोट भरणारे आम्ही तिच्याशी मराठी बोलू लागलो. नानीला मराठी येत नव्हते. ती शेवटपर्यंत नातीशी हातवाऱ्यांनी बोलली, आणि खरे सांगायचे तर त्या दोघींचे आमच्यापेक्षा बरे जमे.

आज ती गोंदियात नोकरी करते. मध्यंतरी घरच्या शादीत डीजे सुरू होताच तिने कानामागचा प्रोसेसर काढून पर्समध्ये टाकला. आम्ही रागावलो. शेती याचसाठी विकली का?

"भाईजान, हे काढले की मी बहिरीच आहे," ती म्हणाली. "तुम्ही बरी झाली म्हणता, म्हणून मला दमायचीही सोय नाही."

निरोगी कानात हजारो रोमपेशी जे काम करतात, ते तिच्या कानात 22 इलेक्ट्रोडची एक तार करते. गोंगाटातून शब्द वेचता वेचता माणूस थकतो, हे आम्ही कधी विचारलेच नव्हते. ऐकणे तिला दिले. केव्हा ऐकायचे नाही, हे ठरवणे मात्र स्वतःकडे ठेवले. मग ती देणगी होती की कर्ज?

सध्या ती आमच्याकडे उर्दू लिपी शिकते. नानीची दुआंची वही तिला स्वतः वाचायची आहे. अलिफपासून सुरुवात केली. धडा सुरू झाला की ती प्रोसेसर काढून टेबलावर ठेवते, आणि आम्ही पाटीवर लिहीत जातो.