दुखावलेला गुडघा आणि धृती

कबड्डीच्या मैदानात पाय जमिनीत रुतावा, अंग मात्र वळावे, आणि गुडघ्याच्या आतून ‘कट्’ असा आवाज यावा. तरुण खेळाडूचे जवळजवळ एक वर्ष त्या क्षणी हिरावले जाते. तुटलेल्या अस्थिबंधाच्या जागी शस्त्रक्रियेने शरीरातीलच दुसरा कंडरा बसविला, तरी पुन्हा स्पर्धेत उतरण्यास बहुधा ९ ते १२ महिने लागतात. या काळात घरची मंडळी त्यास एकच उपदेश करतात : ‘धीर धर.’ उपदेश चांगलाच आहे. परंतु धरावयाचा तो कोणता धीर, हे सहसा कोणी सांगत नाही.

गीतेच्या अठराव्या अध्यायात धृतीचे त्रिविध विवेचन आले आहे. त्यातील तामस धृतीचे लक्षण विचार करावयास लावणारे आहे. निद्रा, भय, शोक, विषाद आणि मद यांना जी सोडीत नाही, तिलाही तेथे धृतीच म्हटले आहे. ‘धृ’ म्हणजे धारण करणे. मनुष्य दुःखाला धरून बसतो तेव्हा त्याच्या ठिकाणी बळ नसते असे नव्हे. ते सारे बळ विषादाला कवटाळण्यात खर्च होत असते. अंथरुणात पडून जुने सामने उगाळीत बसणारा खेळाडू दुर्बळ नाही. म्हणून ‘रडू नकोस’ एवढ्याने भागत नाही. त्या हाताला धरण्याजोगे दुसरे काही द्यावे लागते.

बहुतेक लोक येथे फळाचे आमिष देतात. हरियाणाच्या विनेश फोगाट यांची कथा सांगितली जाते. २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये गुडघा जायबंदी होऊन त्यांना स्ट्रेचरवरून बाहेर न्यावे लागले. २०१८ साली जकार्ता येथील आशियाई स्पर्धेत त्याच चिनी प्रतिस्पर्धिनीला हरवून त्यांनी पुढे सुवर्णपदक मिळविले. कथा खरी आहे, स्फूर्तिदायकही आहे. पण पूर्वीच्या पातळीवर कधीच न परतलेल्यांच्या कथा कोणी सांगत नाही, आणि ते थोडे नाहीत.

फलाकांक्षेने धरलेली धृती राजस होय. तिचा दोष गुडघ्यातच दिसून येतो. बसविलेला कंडरा आरंभीच्या महिन्यांत आधी अशक्त होतो, मग हळूहळू बळकट. नेमकी त्याच सुमारास सूज उतरलेली असते, वेदना शमलेली असते. खेळाडूस वाटते, झालो बरा! ९ महिने पुरे होण्यापूर्वी खेळू लागलेल्यांत पुन्हा दुखापत होण्याचे प्रमाण अधिक आढळले आहे. निराशेने जे बिघडले नसते, ते अशा उतावळ्या आशेने बिघडते.

सात्त्विक धृतीचे काम दिसावयास अगदी साधे. सतरंजीवर पाय पसरून मांडीचा स्नायू आवळावा, क्षणभर धरावा, सोडावा; पुन्हा आवळावा. येथे टाळ्या नाहीत, पंच नाही. मन, प्राण आणि इंद्रिये यांचे व्यापार नियमात ठेवणे ते हेच. आणि मैदान कायमचे सुटले, तरी हे कमावलेले नियमन त्याच्यापाशी राहते. पदकाच्या आशेवर तगलेला मात्र त्या दिवशी रिकाम्या हाताने उरतो.

समाचारास येणारे आप्त विचारतात, “मैदानात कधी उतरणार?” याचे उत्तर त्या मुलापाशी नसते, शस्त्रवैद्यापाशीही नसते. “आज गुडघा कालच्यापेक्षा किती सरळ झाला?” असे विचारले, तर तो चादर बाजूला सारून पाय दाखवील.