आधी आधार, मग छाटणी

इंग्लंडमधील ॲबिंग्डन येथे 1962 पासून तयार होऊ लागलेली एमजीबी ही उघड्या छताची मोटार आज जुन्या, गंजलेल्या अवस्थेत विकत घेऊन अनेक हौशी लोक घरीच सवडीने दुरुस्त करतात. तिला वेगळी चॅसी, म्हणजे भार पेलणारी स्वतंत्र चौकट, नसते. पत्र्याचा सांगाडाच सगळे ओझे वाहतो, आणि वर छत नसल्यामुळे त्याचा मोठा वाटा दारांखालच्या पोकळ पट्ट्यांवर येतो. गंज नेमका तिथेच, रंगाआड, आतून वाढतो. तो दिसताच कापून टाकण्याचा मोह होतो. परंतु जाणता कारागीर आधी सांगाड्याला टेकू देतो, दाराच्या मोकळ्या जागेत आडव्या सळ्या जोडतो आणि मगच कापायला घेतो.

आधी आधार, मग छाटणी.

हा क्रम चुकला तर गाडी मध्येच खचते, आणि नवा पत्रा कितीही सुबक असला तरी दार नीट लागत नाही. माणसांच्या बाबतीत मात्र क्रम सहसा उलटाच असतो. मुलाचा, सहकाऱ्याचा दोष दिसला की शब्दांची धार आधी चालते, आणि त्या दोषालगतच त्याचा केवढा भार तोललेला आहे, हे पाहायचे राहून जाते.

आधी आधार, मग छाटणी.

कारागीर (रंगाला तर तो अगदी शेवटी हात लावतो) दर टप्प्याला दार हलकेच लावून पाहतो, फट सारखी आहे ना, एवढेच.