पेजेला पाणी किती?

सज्जनहो, दुसऱ्याला उपदेश करण्याआधी कीर्तनकाराने स्वतःची फजिती सांगावी, म्हणजे पुढचे बोलणे ऐकणाऱ्याला पचते. म्हणून आधी घरचीच गोष्ट सांगतो.

गेल्या चातुर्मासात आमच्या सौभाग्यवतींना ताप भरला. डॉक्टर म्हणाले, आज फक्त तांदळाची पेज द्या. घरात आम्ही दोघेच पुरुष. एक मी, पाठशाळेत व्याकरण आणि वेदान्त घोकलेला. दुसरा नातू, विद्यापीठात वरच्या वर्गात शिकणारा. नातू विचारतो, "आजोबा, पेजेला पाणी किती घालायचं?" आता काय सांगणार? पाणिनीची सूत्रे मुखोद्गत, पण पेजेचे सूत्र ठाऊक नाही! शेवटी ती माउली तापाने फणफणलेली, भिंत धरून उठली आणि स्वतःची पेज स्वतःच शिजवून घेतली. पांडुरंग जनाबाईच्या जात्याला बसला, हे आख्यान मी चाळीस वर्षे लावीत आलो. श्रोत्यांच्या डोळ्यांत पाणी आणले. पण माझा हात कधी चुलीला लागला नाही. त्या दिवशी माझे कीर्तन मलाच ऐकू आले.

तेव्हापासून एक प्रश्न मनात घोळतो आहे. स्वयंपाक, धुणे, फाटके शिवणे, घरखर्चाचा हिशेब, आजाऱ्याची शुश्रूषा, ही कामे विद्यापीठातल्या मुलामुलींना शिकवावीत काय?

काही विद्वान स्नेही म्हणतात, "अहो बुवा, विद्यापीठ ज्ञानासाठी असते. भाकरी थापायला आईने शिकवावे, त्याला प्राध्यापक कशाला?" हे म्हणणे अगदीच खोटे नाही. वस्तुतः हे शिक्षण घरचेच. पण घर शिकविते कोणाला? मुलीला. मुलगा अभ्यासाला बसला की पाण्याचा तांब्यासुद्धा त्याला हातात मिळतो. लोकांचा दिवस कशात जातो याची केंद्र सरकारने २०१९ साली देशभर पाहणी केली. त्यात दिवसाकाठी घरकाम करणाऱ्या बायका शेकडा ८१ निघाल्या आणि पुरुष शेकडा २६. म्हणजे घर ही शाळा खरी, पण मुलग्यांना बहुधा तिच्या उंबऱ्याबाहेरच ठेवणारी. घराने जे टाकले ते कोणीतरी उचललेच पाहिजे.

आणि हे काम ज्ञानाहून हलके, असे तरी कोणी सांगितले? छांदोग्य उपनिषदात श्वेतकेतूची कथा आहे. बाराव्या वर्षी गुरुगृही गेला, चोविसाव्या वर्षी सर्व वेद शिकून ताठ मानेने परतला. बाप उद्दालक. त्याने काय केले? मुलाला पंधरा दिवस उपाशी ठेवले, फक्त पाण्यावर. मग म्हणाला, आता वेद म्हण पाहू. एक ऋचा आठवेना! जेवल्यावर सारे पुन्हा आठवले. मन अन्नमय आहे, हा सिद्धान्त बापाने असा शिकविला. आता तुम्हीच सांगा, विद्या जर अन्नावर उभी, तर ते अन्न रांधणारा हात विद्येच्या खालचा कसा?

महर्षी कर्व्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढले आणि गृहजीवनशास्त्राला अभ्यासात जागा दिली. थोर काम झाले. पण पुढे समाजाने सोयीस्कर अर्थ काढला की हे शास्त्र बायकांचेच. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्याच्या वसतिगृहात नाना जातींची मुले एकत्र ठेवली, एका पंक्तीला बसविली, कामेही त्यांच्याकडूनच करून घेतली. १९४७ साली साताऱ्यात कॉलेज काढले, तेही 'कमवा आणि शिका' या तत्त्वावर. श्रमाने मुलांची विद्या बुडाली नाही. मिजास मात्र बुडाली.

एक सावधगिरी हवी. शिष्याला राबवून गुरूने आपले घर चालवावे, किंवा गरिबाच्या मुलाने भांडी घासावी आणि श्रीमंताच्या मुलाने पुस्तक वाचावे, हे शिक्षण नव्हे. काम सर्वांना सारखे हवे आणि आपले आपण करायचे हवे. नुसते गुण मिळविण्यासाठी चार पदार्थ करून दाखविले, तर तेही एक घोकंपट्टीच होईल. आपल्या उष्ट्या ताटाचा भार दुसऱ्यावर टाकू नये, एवढे मनात उतरले तरच ती विद्या.

आपण दिंडीत चालतो तेव्हा कोणी पाणी भरतो, कोणी भाजी चिरतो, कोणी पातेली घासतो. तेथे कोणी कोणाची पदवी विचारीत नाही. मग घरी आल्यावर काय होते हो? गळ्यात माळ तीच, पण हात मांडीवर!

आमच्या घरी आता आजोबा आणि नातू एकाच वर्गात आहेत. सौभाग्यवती पाटावर बसून सांगतात, आम्ही करतो. एक वाटी तांदूळ, दहा वाट्या पाणी, चवीपुरते मीठ, मंद आच आणि अधूनमधून ढवळणे. पहिली पेज खाली लागली, दुसरी बरी झाली. वय साठीच्या पुढे. उशीर झाला खरा. नातवाला तेवढा उशीर होऊ नये, म्हणून हे लिहिले.