गळाखालचें वजन

(वाचावें : मत्तय १७:२४–२७)



शुभवर्तमानांत मासे धरण्याचा उल्लेख पुष्कळ वेळां येतो, पण तो बहुतेक जाळ्याचा आहे. गळ टाकण्याची गोष्ट एकदांच येते. कफर्णहूमांत मंदिराची पट्टी मागणारे आले, तेव्हां प्रभूनें पेत्रास समुद्रावर जाऊन गळ टाकावयास व पहिलाच मासा वर काढावयास सांगितलें. पेत्र हा जाळेवाला. होडी, सोबती व रात्रभराची ओढाताण हा त्याचा धंदा. एका माशाची वाट पाहत बसणें हा नव्हे. जाळ्यास माशांची झुंड लागते, गळास एकच जीव पुरतो. आमच्या मंडळ्यांत जाळ्याविषयीं उपदेश पुष्कळ होतात. आज गळाविषयीं बोलूं.

गळाची एक नवी रीत आहे, तिला ड्रॉप शॉट म्हणतात. जपानांतील गळ टाकणारांनीं ती नांवारूपास आणिली, आणि विसाव्या शतकाच्या अखेरच्या वर्षांत ती अमेरिकेंत पसरली. ती मुख्यत्वें बास नांवाच्या माशासाठीं आहे. हा गोड्या पाण्यांतील शिकारी मासा मूळचा उत्तर अमेरिकेचा. १९२५ सालीं तो तेथून नेऊन जपानांतील आशी सरोवरांत सोडण्यांत आला. इतर रीतींत वजन बहुधा गळाच्या वरच्या बाजूस असतें. येथें उलट आहे. वजन दोरीच्या अगदीं शेवटीं, आणि गळ त्याच्यावर वीतभर ते हातभर उंचीवर. वजन तळाशीं टेकतें, आणि आमिष चिखलांत न लोळतां माशाच्या नजरेसमोर तरंगत राहतें.

ह्या रीतीचें अर्धें शिक्षण गांठींत आहे. तिला पॅलोमार गांठ म्हणतात. दोरी दुहेरी करून गळाच्या नेढ्यांतून ओवावी, सैल गांठ मारावी, पुढच्या फांसांतून सबंध गळ काढावा, आणि ओढण्यापूर्वीं गांठ थुंकीनें ओली करावी. कोरडी ओढिली तर दोरी घासून दुबळी होते. मग खालचें लांब टोंक पुन्हां नेढ्यांतून वरून खालीं काढावें, म्हणजे गळ दोरीला आडवा व अणकुचीवर करून उभा राहतो. त्या टोंकास सुमारें सात ग्रॅमचें वजन पुरे. होडींतला मनुष्य दोरी सरळ खालीं सोडितो. किनाऱ्यावरच्याची दोरी तिरपी जाते, आणि त्यामुळें आमिष तळाकडे झुकतें. म्हणून किनाऱ्यावरून शिकणारानें गळ हातभर उंच बांधावा व काठी वर धरावी.

येथपर्यंत सर्व सोपें आहे. खरी अडचण हाताची आहे. शिकाऊ मनुष्य दोरी फेंकतो आणि लागलाच रीळ फिरवूं लागतो. आमिष पळत राहिलें तरच मासा येईल, अशी त्याची समजूत असते. ह्या रीतींत वजन जेथें पडलें तेथेंच राहूं द्यावयाचें, दोरी किंचित् सैल करावयाची, आणि काठीचें टोंक इतकेंच हालवावयाचें कीं आमिष थरथरेल पण वजन उठणार नाहीं. जागा न सोडतां जिवंत दिसणें, हें त्याला शिकावयाचें असतें, आणि ह्यास दिवसचे दिवस लागतात.

उपदेशक बंधूंनो, आपल्या वहीकडे पाहा. महिन्याला वीस गांवें, प्रत्येक गांवीं अर्धा तास, एक गीत, एक प्रार्थना, आणि पुढची वाट. अहवालांत हे आंकडे शोभतात. पण ज्या घरीं नुकतें मूल दगावलें त्या घरीं आपण दुसऱ्या आठवड्यांत गेलों होतों काय? तिसऱ्या? कांहीं न बोलतां ओसरीवर बसलों होतों काय? मला वीस गांवांच्या अहवालापेक्षां दोन घरांचा अहवाल वाचावयास अधिक आवडेल.

आतां मासा लागण्याविषयीं. बास ह्या गळास लागतो तेव्हां मोठा हिसका बसेलच असें नाहीं. पुष्कळदां बोटांस एक लहानशी टिचकी लागते, किंवा ओलें पान अडकल्यासारखा जडपणा वाटतो, एवढेंच. शिकाऊ मनुष्य आनंदून सर्व बळानें काठी मागें ओढितो, आणि बारीक दोरी तुटते. जाणता मनुष्य रीळ फिरवून सैलपणा घेतो व काठी हळूच उचलितो. बारीक गळ आपोआप रुततो. एखादा शेजारी संध्याकाळीं सहज विचारतो, “तुमच्या पुस्तकांत मेलेल्यांविषयीं काय सांगितलें आहे?” ही ती टिचकी. आणि आम्ही काय करितों? उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत सर्व त्याच्यावर ओततों. तो पुन्हां विचारीत नाहीं. त्यानें जें विचारलें तेवढ्याचेंच उत्तर द्या.

पण एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. बासच्या गळावर बहुधा रबराचा किडा असतो. तो खोटा आहे. माशास फसविण्यासाठींच तो केला आहे. आणि आमिष हा शब्द आमच्या लोकांस चांगला ठाऊक आहे, कारण “तुम्हीं आमिष गिळलें” हा टोमणा पुष्कळांनीं पाणवठ्यावर ऐकिला आहे. गळाचा दृष्टांत येथें थांबतो. लूकाच्या ५ व्या अध्यायांत प्रभु पेत्राशीं माणसें धरण्याविषयीं बोलतो, तेथें मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ जिवंत धरणें असा आहे. तेथें कोणी फसविला जात नाहीं व कोणी मरत नाहीं. दुष्काळांत भाकरी द्यावी, ती उपाशी मनुष्यास भाकरी म्हणूनच द्यावी. जो उपदेशक शाळेची फी किंवा नोकरीचें वचन पुढें करून नांवें मिळवितो, तो त्या टोमण्यास खरें ठरवितो, आणि तो टोमणा प्रामाणिकपणें आलेल्या विधवेलाहि ऐकावा लागतो.

किनाऱ्यावर दगड फार, आणि वजन त्यांत अडकतें. म्हणून ह्या रीतीचीं वजनें अशीं करितात कीं दोरी नुसती चिमट्यांत बसावी. जोरानें ओढिलें कीं वजन सुटून तळाशीं राहतें आणि गळ वांचतो. शिकणाराचीं पुष्कळ वजनें अशीं जातात, आणि त्याला वाटतें आपलेंच नुकसान झालें. परंतु शिसें पाण्यांत राहिलें तर तें पांखरें गिळतात व विषानें मरतात. इंग्लंडांत हंस असे मेले, म्हणून १९८७ पासून बहुतेक लहान शिशाच्या वजनांची विक्री तेथें बंद झाली. विचारी लोक आतां टंगस्टनचीं किंवा पोलादाचीं वजनें वापरतात. आपण ज्या गांवाहून परत आलों तेथें मागें काय ठेवून आलों, भाऊबंदांत लावून दिलेलें एखादें भांडण तर नाहीं ना, हें पाहण्यास कोणी अधिकारी येत नाहीं.

आणखी एक. वसंत ऋतूंत नर बास किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यांत शेपटीनें खळगा करितो आणि अंड्यांवर पहारा देतो. तेव्हां तो गळास फार सहज लागतो. भुकेमुळें नव्हे, तर घरट्याजवळ आलेली वस्तु तोंडांत धरून तो दूर करूं पाहतो म्हणून. त्यास उचलून नेलें तर लहान मासे टपलेलेच असतात, आणि थोड्याच वेळांत अंडीं खाऊन टाकितात. कांहीं गळवाले हें जाणून त्या दिवसांत त्याच्याकडे दोरी फेंकीतच नाहींत. एखाद्या घरचा बाप एकटाच आपल्याकडे येऊं लागला असेल, तर त्यास बायकामुलांपासून तोडून मिशनच्या आवारांत राहावयास आणण्याची घाई करूं नये. त्याच्या घरीं जावें, त्याच्या बायकोस नमस्कार करावा, आणि ती जेथें बसावयास सांगेल तेथें बसावें.