होडी सोडू नका

वाचन : प्रेषितांची कृत्ये २७:२७-४४



दिल्लीत ओखल्याच्या बंधाऱ्याआड यमुनेचे पाणी पसरते. तेथे पूर्वी सेनादलातील मंडळींना शिडाच्या लहान होड्या चालविताना मी पाहिले आहे. अशी होडी उलटली तर ती सरळ कशी करावी, हे नवशिक्याला आधीच शिकवितात. प्रथम माणसे मोजावयाची. कोणी शिडाखाली अडकले तर नाही ना? मग शिडाची दोरी मोकळी सोडावयाची, कारण ती ताणलेली राहिली तर होडी उठत नाही, आणि उठलीच तर वारा तिला पुन्हा पाडतो. नाळ वाऱ्याकडे वळवून, तळातून निघालेल्या फळीवर उभे राहून, काठ धरून मागे झुकावयाचे. एकाचे वजन पुरले नाही तर दुसऱ्याने चढावयाचे. आणि किनारा कितीही जवळ भासो, होडी सोडून पोहत निघावयाचे नाही. शोधणाऱ्याला एकटे डोके दिसत नाही. उलटलेली होडी दिसते.

पौलाच्या तारवावरील खलाशी नांगर टाकण्याचे निमित्त करून लहान होडीतून निसटू पाहत होते. हे तारवात न राहिले तर तुमचाही बचाव नाही, असे त्याने शताधिपतीला बजाविले. भाषांतर करताना मी येथे थबकलो. या ‘राहण्या’साठी लूकने योजलेले ग्रीक क्रियापद तेच आहे, जे योहान १५ मध्ये प्रभू द्राक्षवेल व फाटे यांविषयी बोलताना योजितो. शब्द साधा, रोजच्या वापराचा. त्यावर मी सिद्धान्त उभारीत नाही.

शिवाय ते तारू अखेर फुटलेच. २७६ जण पोहून वा फळ्यांच्या आधारे किनाऱ्यास लागले. अभिवचन जिवांविषयी होते, लाकडाविषयी नव्हे. म्हणून मार खाणाऱ्या एखाद्या भगिनीस घरात कोंडण्यासाठी कोणी हे वचन वापरू नये.

आमच्या मंडळीत श्रीरामपूरहून नोकरीसाठी गुरगावला आलेला एक तरुण होता. नोकरी सुटली आणि तो उपासनेस येईनासा झाला. दुसरी लागली की मान वर करून यावे, असा त्याचा विचार. घरी मात्र सर्व ठीक असल्याचे कळवीत, उसने काढून पैसे पाठवीत होता. दोरी ताणलेलीच होती. पण त्याला दोष कसा देऊ? त्याची जागा रिकामी आहे हे आम्हांस दोन महिन्यांनी उमगले. माणसे मोजण्याचे पहिले काम आम्हीच केले नव्हते.

आम्ही दोघे त्याच्या खोलीवर गेलो. उपदेश केला नाही. बसलो, चहा घेतला, प्रार्थना केली. त्या सायंकाळी आमच्यासमोरच त्याने घरी फोन लावला.